बिनशिखराचं देऊळ

माझ्या बापाने आयुष्यभर जे बांधलं ते जळण्यासाठीच बांधलं. हे मी कुरकुरीने सांगत नाही, धंदाच तसा होता. बाबा पोलादाच्या प्लँटात भट्टीच्या आतल्या विटांचे मिस्त्री. भट्टीला आतून विटांचं अस्तर असतं, ते लावायचं त्यांचं काम. भट्टी पेटली की त्या विटा वर्षानुवर्षं आग खातात, झिजतात, मग एक दिवस भट्टी थंड करून ते अस्तर सब्बलीने फोडून काढतात आणि त्याच जागी नवं लावतात. आमचे साकोलीकडचे काका पाहुण्यांना आपल्या हाताने बांधलेली विहीर दाखवायचे, गोठ्याची भिंत दाखवायचे. बाबा म्हणायचे, "माहं काम पाहाले विस्तवात घुसा लागते, येता का?" सगळे हसायचे, बाबाही हसायचे. पण काकाच्या विहिरीच्या काठावरून ते कसे हात फिरवत बसायचे, ते मी पाहिलेलं आहे.

आम्ही प्लँटच्या कॉलनीत, सेक्टर सहामध्ये राहायचो. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे हातभर अंगण, त्यात आईची मिरचीची झाडं आणि एक पपई. गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि उंबऱ्याच्या आत आमची भंडाऱ्याकडची बोली. पाळी सुटायचा भोंगा झाला की आई भात चढवायची. लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, आणि बाबांना रोज लागायचा तो लसणाचा ठेचा, पाट्यावर वाटलेला. जेवताना आमच्याकडे कोणी बोलत नसे, म्हणजे आई सोडून. ती एकटी चौघांचं बोलायची, आणि बाबा मान हलवायचे, कधी कधी भलत्याच ठिकाणी. "नळ गेला," म्हटलं की बाबा "हाव, चांगलं झालं" म्हणणार. आई कपाळावर हात मारून घ्यायची. "तुया बापाले कामाचं काही ऐकू येत नाही, जेवाले बोलावलं तं बराबर येते." खरं म्हणजे जेवायला बोलावलेलंही ऐकू येत नव्हतं. फोडणीचा वास यायचा.

हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि तेही चुकून कळलेलं. सुट्टीच्या दिवशी बाबा शेजारच्या कोहका वस्तीत ओळखीच्या कोणाची भिंत, कोणाची चूल, असं काही ना काही बांधायला जायचे आणि मला सोबत न्यायचे. भट्टीच्या मिस्त्रीची एक सवय असते. तो वीट वाजवल्याशिवाय लावत नाही. वीट हातात घ्यायची, छोट्या हातोडीने तीनदा ठोकायची, दोन टोकांना एकेक आणि मधोमध एक. टण्ण वाजली तर पक्की. बद्द वाजली तर आत चीर आहे, बाजूला टाका. भट्टीत एक बद्द वीट गेली तर त्या जागेतून आग बाहेर येते, म्हणून तीन ठोके कधी चुकवायचे नाहीत. त्या दिवशी बाबांनी एक वीट तीनदा ठोकली आणि पक्क्या विटांत ठेवली. मी म्हटलं, "बाबा, थे बद्द आहे." ऐकलं नाही. मी समोर जाऊन वीट उचलली आणि नकाराची मान हलवली. बाबांनी ती वीट बाजूला टाकली. मग म्हणाले, "शेवंते, कोणाले सांगू नको बाई."

का सांगायचं नाही ते मला समजत होतं. मिस्त्रीचे कान गेले असं कळलं की हातातली करणी-थापी जाते आणि झाडू येतो. इतर लोक प्लँटच्या गोंगाटात कानात कापसाचा बोळा घालून काम करायचे. बाबा कधी घालत नसत. "बोळा घातला तं वीट ऐकू कशी येईन?" म्हणत. विटा ऐकता याव्यात म्हणून कान उघडे ठेवले, आणि त्यातच कान गेले. आता काय बोलायचं! तेव्हापासून सुट्टीच्या कामावर मी ठोकायची, बाबा विटेला खालून तळहात लावून धरायचे आणि माझ्या तोंडाकडे पाहायचे. मी बद्द म्हटलं की खडूने फुली. प्लँटात कसं निभावत होते ते त्यांचं त्यांना ठाऊक.

अशात एका रविवारी दुर्ग शहराच्या बाजूच्या एका गावचे गौंटिया आमच्या दारात आले. गौंटिया म्हणजे गावचे जुने जमीनदार. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री, आमच्या एकुलत्या एका खुर्चीत ते मावेनात. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आहेत अजून. त्यांच्या गावात महादेवाचं देऊळ होतं, राजेरजवाड्यांच्या काळचं, सगळं दगडाचं, पण वर शिखर नाही. आजूबाजूची गावं 'बोडकं देऊळ' म्हणून हसायची. गौंटियांना ते खुपत होतं. विटांचं शिखर बांधायचं, सिमेंट करायचं, वर पांढऱ्या टाइल्स, त्यावर पितळी कळस. आणि दाराशी दगडावर बाबांचं नाव कोरायचं. बाबांना एवढं लांबलचक काही ऐकू आलं नसणार. पण गौंटियांनी बोटाने हवेत अक्षरं काढून 'नाव' दाखवलं, ते बाबांना बरोबर समजलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आईने पहिल्यांदा चहात दूध जास्त घातलं.

त्या रात्री बाबांनी कॅलेंडरच्या मागे शिखर काढलं. दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा काढलं. चौपन्न वर्षांच्या माणसाला इतका आनंद झालेला मी नंतर कधी पाहिला नाही. "हे नाही जळत बापा," ते आईला म्हणाले. "हे राहाते."

पहिल्यांदा ते देऊळ पाहिलं तेव्हा भर दुपार होती. मी भुतांना रात्री कधी भ्यायले नाही. आमच्या आकाशाला रात्री प्लँटची लाली असायची, भुतं येणार कुठून? पण त्या दुपारी शेतात माणूस नव्हतं, कावळा नव्हता, आणि ते देऊळ धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये बसलेलं होतं. मला वाटलं, हे आपल्याला येताना लांबूनच पाहत होतं. दगड लालसर, रेताड. ना चुना, ना माती, दगडावर दगड ठेवलेला आणि सांध्यात नख जाणार नाही. बाबा सांध्यावरून नख फिरवत म्हणाले, "ह्याच्यात अस्तर लावलं असतं तं भट्टी कधी फुटली नसती." जोत्याभोवती हत्तींची रांग कोरलेली, एकाच्या शेपटाला दुसऱ्याची सोंड. रांगेबरोबर चालत गेलं की शेवटचे तीन हत्ती नुसते गोळे होते, डोळे नाहीत, सोंड नाही. वर नाचणाऱ्या बाया. त्यांतल्या शेवटच्या, दाराजवळच्या बाईचे पैंजण घडवलेले, कंबर घडवलेली, तोंडाच्या जागी सपाट दगड. त्या सपाट तोंडावर कोणीतरी मधोमध एक बारीक रेघ ओढून ठेवली होती, उद्या येऊन नाक काढायचं म्हणून. तो उद्या काही आला नाही. मला तिच्याकडे पाठ करवेना.

गाभाऱ्याच्या दाराशी झाडलोट करणारी एक म्हातारी होती. तिने मला जवळ बोलावून मूठभर मुरमुरे दिले आणि उजव्या हाताचा खांब दाखवला. "ए खंभा ला झन ठोकबे, नोनी." याला ठोकू नकोस, पोरी. मग तिने गोष्ट सांगितली. हे देऊळ बांधलं गेलं तेव्हा एकच रात्र सहा महिने चालली होती. कारागीर एकटा आत काम करायचा, देवाचं काम म्हणून अंगावर चिंधीही न ठेवता. बायको जेवण घेऊन यायची. आत यायच्या आधी ती या खांबावर तीनदा ठोकायची. तो कपडा गुंडाळून आतून एकदा ठोकायचा, म्हणजे ये. एकदा बायको आजारी पडली, तिच्याऐवजी त्याची बहीण आली. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती न ठोकता आत शिरली. तो शरमेने या खांबातच गेला. बहीण थाळी घेऊन उभी राहिली, रात्र संपली, शिखर राहून गेलं. "तो अजून बायकोच्या ठोक्यांची वाट पाहतो," म्हातारी म्हणाली. "तीन ठोके ऐकले की बाहेर येतो. पण जागा रिकामी नाही राहत. त्याच्या बदल्यात मिस्त्रीच लागतो."

मी बाबांना घरी येताना सायकलवर मागून ओरडून ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "हाव, ऊन लय आहे."

पुढच्या रविवारी दगड तपासायचे होते. शिखराचा भार घ्यायला खालचा दगड पक्का हवा, हे बाबांनी गौंटियांना ठणकावून सांगितलं होतं. प्लँटातले त्यांचे दोन सोबती हात लावायला आले होते, गौंटियांची माणसं होती. आणि हो, नावाचा दगड तयार होऊन आला होता. बाबांचं पूर्ण नाव, गाव, खाली बारीक फूल. तो चिंचेखाली पोत्यात गुंडाळून ठेवला होता, बाबा येता जाता पोतं सारून पाहत होते. दुपारी सगळे चिंचेखाली जेवायला बसले. कोणी बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, खात होतं, कोणी कांदा फोडत होतं. बाबा मला म्हणाले, "चाल, आता शांत आहे." लोकांसमोर माझ्या तोंडाकडे पाहायला नको, हे खरं कारण होतं.

आत थंड होतं. बाहेर दगड पायाला चटके देत होता आणि आत घाम गार पडला. वटवाघळांचा वास, आणि त्याखाली ओल्या दगडाचा. मी ठोकत गेले, खाली, मधे, वर. बाबा प्रत्येक दगडाला दुसऱ्या बाजूने तळहात लावून उभे. मला वाटायचं, सवयीने धरतात. प्रत्येक दगड टण्ण, टण्ण, टण्ण. इतक्या वर्षांचे दगड आणि एकही बद्द नाही. मी होकाराची मान हलवत गेले, बाबांचा चेहरा उजळत गेला. शेवटी दाराशी आलो. डावा खांब झाला. मी हातोडी खाली ठेवली.

"उजवा राहिला," बाबा म्हणाले.

"बाबा, त्याले नाही ठोकाचं. म्हातारीनं सांगतलं."

"हाव, तोच. त्याच्यावरच तं पुढचा सारा भार येते." आणि त्यांनी खांबाच्या पलीकडे तळहात टेकवला.

काय करणार! मी ठोकलं. खाली, मधे, वर. एवढा गोड आवाज मी दगडातून कधी ऐकला नव्हता, घंटेसारखा लांबत गेला आणि विरला. मी हातोडी खाली आणली, माझ्या मांडीशी धरली. आणि मग आतून एकदा वाजलं.

जोरात नाही. कपाटाच्या आत बसलेल्याने बोटाच्या पेराने वाजवावं तसं, एकदाच. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्या मागे ती सपाट तोंडाची बाई दिसत होती, उन्हात, नाकाच्या रेघेसकट.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"बद्द," मी म्हटलं.

"बद्द?"

"हाव बाबा. आतून फुटला आहे. पुरा."

बाबांनी हात काढला. तळहात पाहिला, पँटला पुसला, पुन्हा पाहिला. मग माझ्या हातातून खडू घेतला आणि त्या खांबावर आपल्या हाताने मोठी फुली मारली. फुली नेहमी मी मारायची.

बाहेर जाऊन त्यांनी गौंटियांना सांगितलं की दाराचा खांब आतून गेलेला आहे, भार चढवला तर देऊळ बसेल, मी हे काम करत नाही. गौंटिया आधी हसले. "मिस्त्री, बाप-दादा के पहले से खड़ा है, आज खराब हो गया?" बाबा म्हणाले, "मेरे हाथ से नहीं होगा." सोबत्यांपैकी एकाने जाऊन खांबावर थाप मारली आणि म्हणाला, खणखणीत तर आहे. बाबांनी त्यालाही नकाराची मान हलवली. मग कोणीतरी म्हटलं, भट्टीत घुसणारा मिस्त्री म्हातारीच्या गोष्टीला घाबरला. ते वाक्य आमच्या आधी सेक्टर सहाला पोचलं. पुढे कित्येक महिने नळावर, रेशनच्या रांगेत, "कावून वो, मिस्त्रीले भूत दिसलं म्हणते?" आईने आठवडाभर भांडी आपटली. "नाव कोराले निघाले होते! नाक कापून आले." बाबा ठेचा खात राहिले. पण मिस्त्रीने सोडलेल्या कामाला हात लावायला दुसराही कोणी तयार झाला नाही. गावाच्या मनात पाल चुकचुकत होतीच. देऊळ बोडकंच राहिलं.

नावाचा दगड गौंटियांनी रागाने तळ्यावर टाकला, उपडा. बायका त्यावर कपडे धुऊ लागल्या. दोनेक वर्षांनी आम्ही त्या रस्त्याने एका लग्नाला जात होतो. बाबा तळ्याशी सायकल थांबवून उतरले. एक बाई त्या दगडावर चादर आपटत होती. बाबा थोडा वेळ उभे राहिले आणि परत सायकलवर बसले. मी मागे कॅरिअरवर बसून रडत होते. ते त्यांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून मोठ्याने रडले.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून बरीच मोठी झाले आहे, गुडघे वाजतात, त्यांना कोणी ठोकावं लागत नाही. पण त्या दगडावर आपटणारी चादर अजून आठवते. माझ्या बापाला आयुष्यात एकच गोष्ट टिकणारी बांधायची होती आणि मी एका शब्दात ती मोडली. मी त्यांचा जीव वाचवला असं स्वतःला सांगायची, आणि दिवसाउजेडी विचार केला की वाटायचं, पोरी, तू एक म्हातारीची गोष्ट ऐकलीस आणि कानांनी तुला फसवलं.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, त्यानंतर काही वर्षांनी मी शिवरात्रीला तिथे गेले. पुरातत्त्व खात्याची एक तरुण बाई लोकांना देऊळ समजावून देत होती. ती म्हणाली, या देवळाचं मोल ते अपुरं आहे यातच आहे. पुरं झालेलं देऊळ आपली कृती लपवतं. इथे मात्र दिसतं की दगड आधी चढवत आणि मग जागेवर कोरत, रेघ कशी आखत, उचलायला भोकं कुठे ठेवत, एक हत्ती किती टप्प्यांत हत्ती होतो. त्या काळच्या कारागिरांनी लिहून काही ठेवलं नाही, त्यांची वही म्हणजे हे देऊळ. "किसी ने ऊपर सीमेंट चढ़ा दिया होता तो सब चला जाता," ती म्हणाली. मी विचारलं, हा दाराचा खांब कमजोर आहे का हो? ती हसली. यंत्राने तपासलाय, म्हणाली, सगळ्यांत पक्का हाच. मग तिने खांबावरची फुली दाखवली. खडू केव्हाच गेला होता, पण गावातल्या बायका दर शिवरात्रीला गेरूने ती तशीच गिरवतात. का, ते कोणाला सांगता येत नाही. त्या खांबाला मात्र कोणी ठोकत नाही.

बाबा तेव्हा कोहक्याच्या घरी होते, पार थकलेले, कानाने पूर्ण गेलेले. आई गेली होती. आमचं बोलणं पाटीवर चालायचं. त्या संध्याकाळी मी त्यांना वरणभात कालवून दिला, आणि पाटीवर लिहिलं, 'खांब चांगला होता. मी खोटं बोलले.' 'खोटं' एकदा पुसून पुन्हा लिहिलं.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "माहीत आहे," म्हणाले. "कान गेले तसा माहा हात शिकला होता. पक्का होता तो दगड."

मी पाटी पुसली. 'मग तुम्ही फुली कावून मारली?'

त्यांनी ताट बाजूला सारलं. "तू किती ठोके मारले होते?"

मी तीन बोटं वर केली.

बाबांनी माझा हात आपल्याकडे ओढला. मिटलेलं चौथं बोट त्यांनी सावकाश सोडवलं, सरळ केलं, आणि ते धरून बसून राहिले.